पहिला घास

चिमाबाईचा राग अजून निवलेला नाही, आणि निवावा असं तिला वाटतही नाही.

निरगुडसरच्या शिवारात तिची मेंढरं आणि त्यांचा राखणदार भुंग्या. बिबट्या मेंढरांच्या जाळीवर आला तेव्हा ह्या कुत्र्यानं कान तुटू दिला, पण कोकरू जाऊ दिलं नाही. म्हणून त्या घरात पहिला घास भुंग्याचा, मग माणसांचा. भाकरी असो की औषधी काढा, त्यात कधी खंड नाही.

पोरगा मच्छिंद्र पुण्याला कंपनीत. आईला बीपी निघालं तसा तो डार्क चॉकलेटचा खोका घेऊन आला. हृदयाला चांगलं, बीपी उतरवतं, मोबाइलवर वाचलंय म्हणाला, आणि गेला. मोबाइलनं सांगितलं की ह्यांच्या लेखी ब्रह्मवाक्य!

चॉकलेट कारल्याहून कडू. पण कडू ते गुणाचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. भुंग्या म्हातारा झालेला, चार पावलं धावला की धापा टाकायचा. हृदयाच्या औषधाची गरज त्यालाच जास्त, असं म्हणून तिनं पहिला तुकडा त्याला दिला, मग आपला जिभेवर ठेवला आणि उरलेला खोका त्यालाच चारला. खाऊ दे बिचाऱ्याला.

दुपारी भुंग्या ओकायला लागला, मग थरथरायला. त्याच्या छातीवर हात ठेवला तर काळीज मळणीयंत्रासारखं धडधडत होतं. जीपमधून घोडेगावला नेला. जनावरांच्या डॉक्टरानं काय खाल्लं ते विचारलं आणि मान हलवली. माणसाला थोडं चालतं, तेही बीपीच्या गोळीच्या बदल्यात नव्हे. कुत्र्याला ते विष, जितकं कडू तितकं जहाल. भुंग्या तिच्या मांडीवरच गेला.

बिबट्याला जे जमलं नाही, ते खाऊच्या खोक्यानं केलं. आपल्याच हातानं चारलं म्हणून तिला स्वतःची चीड येत होती, पण त्याहून जास्त पोराची.

फोनवर तो म्हणाला, "आई, तू कुत्र्याला देशील हे मला काय म्हाईत?"

तिनं फोन ठेवला.

रविवारी तो आला. खाली मान घालून ताटावर बसला. चिमाबाईनं भाकरी वाढली. त्यानं तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि सरळ तोंडात घातला. भुंग्या घासाची वाट बघत बसायचा त्या दाराकडं त्याची नजरही गेली नाही.

"ह्या घरात वाढलास न्हवं तू?" ती म्हणाली. "मग पयला घास कुनाचा असतो, ह्ये तुला म्हाईत नव्हतं?"

मच्छिंद्रच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.