भिंतीच्या आतले पटल

सकाळी माना टाकलेली कोथिंबीर सौभाग्यवतींनी पाण्याच्या पेल्यात उभी केली होती. दुपारी ती ताठ झालेली दिसली, तेव्हा मी सोसायटीच्या सचिवांना कडक पत्र लिहीत होतो. शेजारच्या आणि आमच्या अंगणांमधली भिंत ढासळली आहे, मोकाट कुत्री आत येतात, तरी ती विनाविलंब बांधणे आपणांवर बंधनकारक आहे.

त्याच खिंडारातून शेजारच्या वसुधाताई विरजणाची वाटी घेऊन आल्या. त्या निवृत्त विज्ञानशिक्षिका. गुडघ्यांमुळे त्यांना रस्त्याने वळसा घालून येणे जमत नाही, आणि सौभाग्यवतींना अंगणापलीकडे चालवत नाही.

“भिंत झाली की आमच्या गप्पा बंद,” सौभाग्यवती म्हणाल्या. “मग हे मला कायद्याची कलमे वाचून दाखवतील.”

वसुधाताई हसल्या. “नाना, या कोथिंबिरीच्या प्रत्येक पेशीलाही भिंत आहे. पण ती आकार सांभाळते. कोणाला आत घ्यायचे, ते तिच्या आतले पातळ पटल ठरवते. त्याने पाण्याला वाट दिली, आतले क्षार राखले, म्हणून जुडी उभी राहिली.”

हद्द म्हणजे मनाई, असे मी आयुष्यभर मानत आलो. इथे साबणाच्या फुग्याहून तलम अशी एक कड, कोणताही फलक न लावता, येणाऱ्याजाणाऱ्याची पारख करीत असते. ती पारख थांबली की जगणेच थांबते.

कुत्र्यांविषयीचा माझा राग न्याय्य होता आणि आहे. पत्रातला एकही शब्द मी खोडला नाही. शेवटी एवढेच जोडले, की भिंतीत एक दार ठेवावे आणि त्याला उंबरठा नसावा.