म्हशीची पाटी

सांगलीच्या प्रयोगशाळेत मी दूध आणि धान्य तपासते. बुरशीचं विष शोधायचं म्हटलं तर माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे मी स्वतःच सांगते. पण माहेरी, कुंडलला, मला कोण विचारतंय? तिथं मी फक्त वहिनीची नणंद.

गेल्या दिवाळीला गेले तर वहिनी चटणीसाठी शेंगदाणे निवडत होती. परतीच्या पावसात शेंगा भिजलेल्या. चांगले दाणे सुपात, काळपट-हिरवट शेजारच्या पाटीत. निवडण्यात तिची नजर एकदम पक्की.

"ती पाटी कुणाला?" मी विचारलं.

"म्हशीला. आवं वन्सं, टाकायचं कशाला?"

डेअरीला गाईंचं दूध जायचं. ही म्हैस खास वहिनीच्या नातवासाठी राखलेली होती. नातू नुकताच वरच्या दुधावर आला होता.

मी सांगितलं, "बुरशीचं विष म्हशीच्या दुधात उतरतं."

"आमी उकळूनच देतो की," ती ठसक्यात म्हणाली.

"उकळून ते जात नाही."

तिला पटेना. मलाही राग आवरेना. पिशवीत तपासणीच्या पट्ट्या होत्याच. तिच्याच ओट्यावर सकाळच्या धारेचं दूध घेतलं आणि पट्टी लावली. थोड्या वेळानं एकच रेघ उमटली.

"एकच हाय! म्हंजी बरंच की," वहिनी खूश झाली.

"दोन यायला पाहिजेत. दुसरी आली नाही, म्हणजे दुधात विष आहे."

तिनं पाटी पुढं ओढली. पाटीकडं बघत म्हणाली, "आमी आमच्या ताटातलं निवडून काढलं आन् पोराच्याच पोटात घातलं व्हय?"

मला तिची फार दया आली. पण दया करत बसायची ती वेळ नव्हती. पाटीतले दाणे लांब खड्ड्यात पुरायला लावले. म्हशीच्या पेंडीचं पोतंही ओलसर, वास मारणारं निघालं. तेही पुरलं. पोराला पिशवीचं दूध सुरू केलं. म्हैस घरात असताना पिशवी आणायची म्हणून वहिनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मी मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. म्हैस आता कोरड्या चाऱ्यावर होती. पट्टी लावली. दोन्ही रेघा ठसठशीत उमटल्या.

मला वाटलं, आता वहिनी हसेल. ती हसली नाही.

"आन् आदी पोरगं प्यालंय ते?"

त्याला माझ्याकडं पट्टी नव्हती. "थोडेच दिवस पोटात गेलं, आणि वेळेत थांबवलं. पोरगं चांगलं आहे. तरी डॉक्टरांना दाखवून घेऊ," मी म्हणाले. बोलताना आवाज ठाम ठेवला; माझा त्यावर विश्वास होता.

वहिनीनं म्हशीचं दूध उकळलं, निववलं, वाटीत ओतलं. मग नातवाला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"मग पयल्यांदा तुमी पाजा."

मी पाजलं.