कोपरामावशीचं बोट

कारखान्यात तिला सगळे कोपरामावशी म्हणत. घरात मी तिला काहीच म्हणत नसे. "ऐकतीस का" एवढ्यावर आमचा चाळीस वर्षांचा संसार निघाला. मोटारीच्या दाराच्या काचेभोवती काळं रबर असतं. त्याच्या दोन पट्ट्या कोपऱ्यात साच्यात घालून जोडतात. जोडल्यावर शिवणीवर पापुद्रा उभा राहतो, तो ब्लेडनं कापायचा. घोटावड्याजवळच्या रबराच्या कारखान्यात हिनं वीसएक वर्षं हेच केलं. पण कापलेलं बरोबर आहे का, हे ती कधी बघायची नाही. डोळे मिटायची आणि अंगठ्याशेजारचं बोट शिवणीवरून फिरवायची. म्हणायची, "डोळं खोटं सांगत्यात. बोट न्हाई सांगत."

ते रबर जपानला जायचं, एका गाडीसाठी. दोन माणसांची, बुटकी, छत मागं दुमडणारी, नुसती पळवायची गाडी. आपल्याकडं ती विकायला नाहीच. कोपरे करणाऱ्या बायकांतल्या एकीनंही ती पाहिलेली नव्हती. पण हिला त्या गाडीच्या पिढ्या आमच्या भावकीपेक्षा जास्त पाठ. पहिली, दुसरी, तिसरी असं म्हणायची, लेकींना म्हणावं तसं. आम्हाला मूलबाळ नाही.

पहिली हिच्या आधीची. तिचं रबर कडक, थंडीत तडकायचं. दुसरीच्या रबराला दोन ओठ दिले. पाणी थांबलं, पण दार आपटल्याशिवाय लागेना. तिसरीला रबर मऊ केलं, पण गाडीच अंगानं सुटली, जड झाली, घेणारे नाराज झाले. मग चौथी काढली ती मुद्दाम वाळवून. मिळेल तिथनं वजन काढलं. "माज्या कोपऱ्यातनंबी काढलं," ही अभिमानानं सांगायची. "पोटात पोकळी केली."

हे सगळं तिला दुभाष्याकरवी सांगायचा एक जपानी साहेब. दर नव्या गाडीच्या वेळी यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा केस काळे, शेवटी आला तेव्हा पांढरे. तोही कोपरा डोळे मिटूनच तपासायचा. दोघं समोरासमोर उभे, डोळे मिटलेले, एकच तुकडा हिच्या हातातून त्याच्या हातात. हे तिनं जेवताना सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "लगीन करून टाका आता." तिला हसून ठसका लागला. त्याच साहेबाचं एक बोलणं तिनं घरी आणलं होतं. दार आपटायचं नाही, ठेवायचं. मी गवंडी माणूस, दार पायानं लोटणारा. दर वेळी मागून आवाज यायचा, "ठिवा. आपटू नगा."

चौथीच्या वेळी साहेबानं नवीनच सांगितलं. शिवण सपाट कापायची नाही, केसाएवढा उंचवटा ठेवायचा. काच त्यावर दाबून बसते आणि पाणी अडतं. आता हिच्या हाताला इतकी वर्षं सपाट कापायची सवय. पहिल्या आठवड्यात काही कोपरे सवयीनं गुळगुळीत कापले गेले. तिनंच ते बोटानं शोधून बाजूला टाकले. पण एखादा निसटून पुढं गेला असंल का, हे तिच्या डोक्यातून जाईना. घास हातात घेऊन थांबायची. मी म्हणायचो, "एका कोपऱ्यानं जपान बुडत न्हाई. जेव." उंचवट्याचं तिनं मला दहादा सांगितलं असंल. मी जेवत होतो.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. काम सुटलं. केमोच्या सुया सुरू झाल्या आणि त्यानं बोटांचे शेंडे मेले. तव्यावरची भाकरी बोटांना लागेना, ब्लाउजचं बटण सापडेना. "हातात मोजं घातल्यावानी वाटतंय," म्हणायची. डॉक्टर म्हणाले, जाणीव परत येईल, किंवा येणारही नाही. मी रोज तेल चोळायचो. भिंत ओळंब्यात उभी करणारा माणूस मी, तिच्या बोटाच्या शेंड्यापुढं माझं काही चालेना.

एका रविवारी आमच्या माले गावात चहाच्या टपरीसमोर ती गाडी उभी. साहेबानं दिलेलं चित्र आमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं होतं. ह्या गाडीचा रंग वेगळा, पण तोंड तेच. मी पळत घरी गेलो आणि शेजाऱ्याच्या रिक्षातून तिला घेऊन आलो. गाडीवाला पुण्याचा, गाडी परदेशातनं मागवलेली; तो चहा पीत होता. म्हणाला, "काका, प्लीज, हात नका लावू. कलर नाजूक आहे."

ही म्हणाली, "रंगाला न्हाई लावत. ही चवथी हाय. नुस्तं दार उघडा, दादा."

त्यानं काय ओळखलं कुणास ठाऊक, उघडलं.

तिनं डोळे मिटले, बोट फिरवलं. परत फिरवलं. दुसऱ्या हाताचं फिरवलं. मग डोळे उघडले. "लागंना," म्हणाली. "तुमी बघा. शिवणीवर."

मी हात लावला. माझी बोटं सिमेंटनं खाल्लेली. रबर कुठं संपलं आणि काच कुठं लागली तेही कळेना. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "येकदम गुळगुळीत. लोण्यावानी."

 तिनं गाडीवाल्याला विचारलं, पावसात आत पाणी येतं का.

"मावशी, पावसात मी ही बाहेरच काढत नाही," तो म्हणाला. दार आपटलं आणि निघून गेला.

रिक्षात ती म्हणाली, "म्हंजी गेलावता एक."

तेव्हा माझ्या टाळक्यात उंचवट्याचं शिरलं. मी शपथ घेतली, म्हणालो मला काही लागलंच नाही, मी खोटं बोललो.

"आता म्हंताय," ती म्हणाली. तो विषय तिनं परत काढला नाही. शेवटच्या दिवसांत पडल्या पडल्या ते बोट गोधडीच्या शिवणीवरून पुढं-मागं करायची.

तिच्या कपाटात चौथीचा एक कोपरा आहे. आत बुडबुडा धरला म्हणून बाद झालेला, शिवण मात्र चांगली. तिच्या माघारी मी रोज टाचा घासायच्या वजरीनं बोटं घासतो, तेल लावतो आणि डोळे मिटून बोट फिरवतो. कित्येक महिने काहीच लागलं नाही. गेल्या आठवड्यात लागलं. केसाएवढं. मी मोठ्यानं म्हणालो, "हाय गं." 

रविवारी टपरीवर जाऊन बसतो. ती गाडी परत आली नाही. आली तर पाया पडून दार उघडायला लावीन. आता मला कळेल. कळून सांगायचं कुणाला, ते कळत नाही. येताना घराचं दार ठेवतो, आपटत नाही.