दुपारी एकची लातूर

नरसिंगरावांनी एसटीत एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चौदा वर्षं नांदेडच्या बसस्थानकावर, वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर झाला असेल तर का झाला, हे सगळं त्यांच्या तिरप्या, बारीक अक्षरात रजिस्टरात उतरायचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणतात.

घरात आता ते एकटेच. बायको पंचफुला तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी बुद्धप्रिया लातूरला शाळेत शिकवते, मुलगा आनंदराज बायको मंजुश्री आणि लेक धम्मप्रिया यांच्यासह बेंगळुरूला असतो. संध्याकाळी दोघांचेही फोन येतात. "जेवलात का?" "जेवलो." पुढं काय बोलावं हे नरसिंगरावांना सुचत नाही. त्यांची सवय स्थानकावरच्या लाऊडस्पीकरची. तिथं एकट्यानंच बोलायचं असतं, पलीकडून कोणी काही विचारत नाही.

नोव्हेंबरात आनंदराजचा फोन जरा लांबला.

"बाबा, नाताळच्या सुट्टीत आम्ही तिकडं येतोय. धम्मप्रियाला अजिंठा दाखवायचाय, नागपूरला दीक्षाभूमीला न्यायचंय, बुद्धप्रियाकडंही जायचंय. अकरा दिवस मिळतील. कुठं किती थांबायचं ते तुम्ही ठरवा. हे तुमच्याइतकं कोणाला जमणार?"

"मी ठरवतो."

"तुम्हीपण चला ना."

"अजिंठ्याच्या पायऱ्या माझ्या गुडघ्याला व्हायच्या न्हाईत. तुम्ही फिरून या. मी हाय घरीच."

दुसऱ्या दिवशी ते आखीव कागद घेऊन थेट बसस्थानकावर गेले. नव्या गाड्यांच्या वेळा तिथंच कळणार होत्या. चहाच्या टपरीवर भागवत भेटला. लोह्याकडचा शेतकरी गडी, नरसिंगरावांच्याच काळातला ड्रायव्हर.

"काय कंट्रोलर, आता कोणाची ड्यूटी लावून राहिलास?"

"पोराची."

"मग डबल ड्यूटी लाव. लई वर्षांनी तावडीत सापडलाय."

चार दिवस ते तो कागद घेऊन बसले होते. लातूर, दोन मुक्काम, कारण बुद्धप्रियाकडं एकच रात्र राहिलं तर ती वर्षभर बोलून दाखवते. संभाजीनगर, तीन मुक्काम. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे वार सांभाळून. नागपूर, दोन मुक्काम, म्हणजे लेकराला दीक्षाभूमी निवांत बघता येईल. लोह्याला चहा, पंधरा मिनिटं. अहमदपूरला थांबायचं नाही. कागदाच्या अगदी वर लिहिलं, 'नांदेड, सुटणे दुपारी एक'. अगदी खाली लिहिलं, 'नांदेड, पोहोच'.

नांदेडपुढं त्यांनी मुक्काम लिहिला नाही. एसटीत तो लिहीत नसतात. गाडी ज्या डेपोची, त्या डेपोचा मुक्काम कागदावर कशाला? वाटेतल्या गावांचे थांबे लिहायचे. बाकीचा वेळ गाडी आपल्या डेपोतच उभी असणार, हे शिपायालाही माहीत असतं. अकरातून सात गेले, चार उरले. जाण्याआधी दोन, आल्यावर दोन. हा हिशेब नरसिंगरावांच्या मनात इतका पक्का होता, की तो दुसऱ्याला सांगावा लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

कागदाचा फोटो बेंगळुरूला गेला आणि नरसिंगराव घराच्या मागं लागले. पंचफुला गेल्यापासून माळ्यावर पडलेल्या चार गाद्या खाली काढल्या. पिंजाऱ्याला बोलावून कापूस नव्यानं पिंजून घेतला. नात नऊ वर्षांची, तिच्यासाठी एक लहान रजई शिवायला टाकली. शेजारच्या नागुबाईला सांगून ठेवलं, "चार दिवस भाकरीचं तुमच्याकडं. पोरगी गरम भाकरी खाते."

"चार दिवस?" नागुबाई म्हणाली. "मग तुमचं घर वळखू येणार न्हाई बघा."

पंधरा दिवसांनी आनंदराजचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"बाबा, कागद एकदम फर्स्टक्लास! सगळं तुमच्याप्रमाणे बुक केलं. सकाळच्या रेल्वेनं नांदेडला उतरतो, आंघोळ-जेवण करून एक वाजता भाड्याच्या गाडीनं लातूरला निघतो. लातूरहून पुढं नागपूरपर्यंत तीच गाडी. तुम्ही नांदेडला मुक्काम धरलाच नाही ते बरं झालं, मंजुश्रीची चार दिवस रजा वाचली. आणि नागपूरहून थेट बेंगळुरूची रेल्वे आहे. परत नांदेडला यायचं म्हणजे उलटं पडतं."

नरसिंगरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय. बरं केलंस."

भागवतला त्यांनी हे सांगितलं, ते सुद्धा दोन दिवसांनी, चहा गार झाल्यावर. भागवतनं कपाळाला हात लावला.

"अरे, डेपोचा मुक्काम डेपोवाल्यालाच कळतो. पोरगं कॉम्प्युटरवालं. त्याला फोन लाव. म्हण, लिहायचा राहिला."

"तिकिटं निघाली आता."

"तिकिटं बदलतात."

"एकदा सुटायची वेळ ठरली की बदलत नसते, भागवत."

"बायकोला सोडून गाडी सोडणारा तू. तुला काय सांगावं!"

ती गोष्ट साऱ्या स्टँडला ठाऊक होती. जळकोटला रात्री मुक्कामी जाणारी गाडी, तिच्यावर नरसिंगरावच कंडक्टर, पंचफुला त्या गाडीनं माहेरी निघालेली, आनंदराज कडेवर. लेकराला पाणी पाजायला ती नळावर गेली. वेळ झाली. नरसिंगरावांनी तिला नळावर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी मारली. पंचफुला धावत आली तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती. पुढं कोणी पाहुणा 'साहेब, जरा दोन मिनिटं' म्हणाला की ती स्वयंपाकघरातून हसून म्हणायची, "माझ्यासाठी न्हाई थांबली, तुमच्यासाठी थांबती होय!"

फोन त्यांनी लावला नाही. दोनदा हातात घेतला. पण मुलाला काय म्हणायचं? माझ्याकडं राहा? हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी कोणाला म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, ते काम पंचफुलाचं होतं.

ठरल्या दिवशी आठ वाजता ती तिघं घरी आली. आंघोळी झाल्या. बुद्धमूर्तीपुढं आणि पंचफुलाच्या फोटोपुढं मंजुश्रीनं मेणबत्ती लावली, फुलं वाहिली. सगळे हात जोडून उभे राहिले. मग बॅगा उघडणं, फोन चार्जिंगला लावणं, बुद्धप्रियाशी व्हिडिओवर बोलणं. नागुबाईच्या भाकरी आल्या, वांग्याचं भरीत आलं. साडेबाराला पानं उचलली.

आतल्या खोलीत धम्मप्रियाला गाद्यांची चळत दिसली. तिनं तिच्यावर उडीच घेतली.

"आजोबा, एवढ्या गाद्या कोणाच्या?"

मंजुश्रीनंही वळून पाहिलं. सांगायचं तर हीच वेळ होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ऊन दाखवायला काढल्यात."

तेवढ्यात दारात गाडी लागली. ड्रायव्हर चंद्रप्पा देगलूरचा. त्यानं बॅगा चढवल्या. घड्याळात एकला पाच कमी होते.

"जेवलात का?" नरसिंगरावांनी त्याला विचारलं.

"लातूरला जेवतो, साहेब."

"या. बसा."

त्यांनी स्वतः पान वाढलं. एक भाकरी संपली, दुसरी वाढली. चंद्रप्पा भुकेला होता, त्यानं तीही खाल्ली. एक वाजला. नरसिंगरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि तिसरी भाकरी वाढली.

"बस, साहेब. पोट भरलं."

"ठेचा चाखला का? थांबा, आणतो."

आनंदराज दारात उभा होता. "बाबा, एक वाजून गेला. वेळ तुम्हीच लिहिलीय."

"ड्रायव्हरला उपाशी सोडत नसतात. नियम हाय."

"असा कुठं नियम आहे?" तो हसला. "आईसाठी दोन मिनिटं नाही थांबवलीत गाडी."

"ती सरकारी होती," नरसिंगराव म्हणाले आणि ठेच्याची वाटी घेऊन आले.

आनंदराजनं चपला काढल्या. आत जाऊन तो लेकीशेजारी गाद्यांवर टेकला. ती त्याला छतावरचा पंखा दाखवत होती, पंख्याला एक पातं कमी होतं. मंजुश्रीही उंबऱ्यावर बसली. चंद्रप्पा हळूहळू चौथी भाकरी खात होता आणि नरसिंगराव वाढपी उभा राहावा तसे हातात परात घेऊन उभे होते. तिथून त्यांना आतली खोली पूर्ण दिसत होती.

मग चंद्रप्पानं हात धुतले. "चला, साहेब," म्हणाला. नातीनं वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि गळ्यात हात टाकला. जयभीम झाले. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. भांडी घासायला आलेली नागुबाई परात बघून म्हणाली, "एवढ्या भाकरी ड्रायव्हरनं खाल्ल्या? पोरीनं एकच खाल्ली की."

ती गेल्यावर नरसिंगरावांनी तो आखीव कागद घडी उघडून पुढ्यात घेतला. 'नांदेड, सुटणे दुपारी एक'. जुन्या सवयीनं त्यांनी पुढं प्रत्यक्ष वेळ लिहिली, एक पंचवीस. उशीर झाला की कारण लिहावं लागतं. त्यांनी आतल्या गाद्यांकडं एकदा पाहिलं आणि तिरप्या, बारीक अक्षरात लिहिलं, 'चालकाचे जेवण'.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटं कारण कधी लिहिलं नव्हतं.