बाबांचा अडलेला घास

माझे सासरे शिंपी. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि तोंडही त्या बाजूने बधिर झालं. शिवणाचं मशीन माझ्या यजमानांकडे आलं, पण बटणं लावायचं काम बाबांनी सोडलं नाही. कापडावर वजनाला जुनी इस्त्री ठेवायची आणि उजव्या हाताने सुई चालवायची. एक बटण लावताना पुढचं ओठांत धरायची सवय मात्र जन्माची.

"तोंड आहे की डबी?" सासूबाई म्हणायच्या. बाबा नुसतं "हुं" करायचे.

एका सकाळी त्यांना घास उतरेना. दूध पाजलं तर ठसका लागून नाकातून आलं. आम्हाला वाटलं, दुसरा झटका आला. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, त्यात जुनंच दुखणं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "या आजारात गिळणं जाऊ शकतं. सुधारलं नाही तर पोटात नळी बसवून अन्न द्यावं लागेल."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खाण्याचा केवढा शौक माणसाला! सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "ह्यांना घासावाचून जगवायचं म्हणजे दोऱ्यावाचून मशीन चालवायचं."

नळीआधी घसा बघायला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सहज विचारलं, "घास अडायच्या आधी काय करत होते?"

"शर्टाची बटणं लावत होते," यजमान म्हणाले. "त्यात एक कमी भरलं. मला वाटलं, खाली सांडलं असेल."

बाई थांबल्या. "पुढचं बटण ठेवतात कुठे?"

सासूबाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

नाकातून बारीक दुर्बीण घातली. घशाच्या एका खोबणीत बटण आडवं बसलं होतं. बाईंनी ते चिमट्याने अलगद काढलं. "बधिर बाजूने घसरलं, त्यांना कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि जुना आजार समोर होता, म्हणून दुसरं कारण कुणी शोधलं नाही."

दुपारी चमच्याने पाणी द्यायची परवानगी मिळाली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन पहिला चमचा दिला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे टक लावून उभे. बाबांनी पाणी तोंडात धरलं, डोळे मिटले. गळ्याची घाटी हलली. पाणी उतरलं.

"असे रोखून बघाल," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तर धडधाकट माणसालाही ठसका लागेल. आता तो चमचा जरा भरून दे, सूनबाई."