भोंगा वाजला तर

मी जात्याच भित्रा. पालीला भितो, इंजेक्शनला भितो, एसटी लांबवर दिसली तरी रस्ता ओलांडत नाही. पुढे माणसाच्या वागण्याचा अभ्यास हेच पोटापाण्याचं काम झालं, तेव्हा विषयही भीतीचाच घेतला. बायको म्हणायची, "घाबरायचा पगार मिळणारा तू एकटाच."

ती कुरकुंभला औषधाच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत होती. म्हणून आमचं बिऱ्हाड दौंडला, आणि म्हणूनच मी अभ्यासाला कुरकुंभ घेतलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कंपन्यांच्या भिंतीला लागून शेतं आणि घरं होती. कुठे वायू सुटला तर भोंगा वाजणार. तो वाजल्यावर माणसं काय करतील, एवढाच माझा प्रश्न. तो घेऊन मी घरोघर हिंडायचो. उत्तरं एका साच्यातली यायची, कारण कंपनीची माणसं आधीच शिकवून गेली होती. ओलं फडकं नाकाला लावायचं, वाऱ्याला आडवं पळायचं, कुणासाठी थांबायचं नाही.

वेगळं बोलले ते एक आबा. भिंतीला खेटून त्यांचं घर, मागे गोठा, गोठ्यात दोन म्हशी.

"भोंगा वाजला की पैलं दावं सोडनार," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"माझं मला पाय हायेत. म्हशीला हात हायेत व्हय, गाठ सोडाय? आन् ती दाव्याला गुतून मेली, तर मला घास गिळंल का?"

मी ते उत्तर 'पळायला उशीर करणारे' या गटात टाकलं. अशा माणसांची मला खरंच काळजी वाटायची. त्यांना काही समजवायला गेलो की ते चहा पुढे करायचे.

घरी मात्र आम्ही दोघांनी शहाण्यासारखा करार करून ठेवला होता. भोंगा वाजला तर एकमेकांना शोधायचं नाही. जो जिथे असेल तिथून त्यानं पळायचं आणि पाटसच्या स्टँडवर भेटायचं. मोबाइल आमच्याकडे नव्हते, तेव्हा ठिकाण ठरलेलं बरं. करार अर्थात माझाच. ती हसून म्हणाली, "मी तर वळूनसुद्धा बघणार नाही तुझ्याकडे."

त्या दिवशी तिची पहिली पाळी होती. सकाळी निघताना मी तिला सांगितलं, की आज दिवसभर आबांकडेच आहे. दुपारी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, सूनबाईंनी चहा आणून ठेवला, आणि भोंगा वाजला. पाळी बदलायचा असेल असं वाटलं. पण पाळीचा भोंगा थांबतो. हा थांबेना.

भीतीवर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यात कुठे लिहिलं नव्हतं की जीभ टाळूला चिकटते आणि हातातला कप खाली ठेवायचंही सुचत नाही. मग वास आला, तिखट, घशात रुतणारा. वारा कंपन्यांकडून आमच्याकडेच येत होता. सूनबाई पदर माठात बुचकळून शेताकडे पळाल्या. आबा गोठ्याकडे गेले. आडवं पळायचं हे मला ठाऊक होतं, दिशाही ठाऊक होती. मी कप घेऊनच बायकोच्या कंपनीच्या फाटकाकडे पळत सुटलो.

फाटकावर बायकांची ही गर्दी. आतून माणसं खोकत, डोळे चोळत बाहेर येत होती. प्रत्येक बाई आपलं माणूस दिसेपर्यंत ओरडत होती आणि दिसलं की एकदम गप्प होत होती. मीही ओरडत होतो. प्रयोगशाळेतले सगळे आले, ती आली नाही. मी फाटकाच्या चौकीकडे धावलो. पहारेकरी बिहारकडचा होता, मला चेहऱ्यानं ओळखायचा.

"मॅडम तो कब की निकल गयीं," तो म्हणाला. "गाँव की तरफ भागी हैं. आप मत जाइए, हवा उधर ही है."

सगळा वायू ज्या बाजूला चालला होता, त्याच बाजूला ती गेली होती. मी रस्त्यानं आलो होतो, ती शेतातून गेली असणार. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. सकाळी मीच तिला सांगितलं होतं.

परत पळालो. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, समोरचं धड दिसत नव्हतं. वाटेत आबांच्या म्हशी मोकळ्या धावताना दिसल्या, दावी गळ्यात लोंबत होती. बायको मेली असणार, हेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं. देवाला न मानणारा मी, वाट्टेल त्या देवाला हाका मारत होतो.

ती आबांच्या गोठ्यात होती. ओली ओढणी तोंडावर, आणि गव्हाणीच्या मागे वाकून बघत होती. मी कुठेतरी भोवळ येऊन पडलो असेन, असं तिला वाटत होतं. आबा तिचा दंड धरून ओढत होते. मला पाहिलं आणि तिनं माझ्या खांद्यावर जोरात फटका मारला.

"करार काय ठरला होता?" आवाज पार बसला होता तिचा.

"आणि तू काय केलंस?"

मग आम्ही तिघं नांगरलेल्या रानातून आडवे पळालो आणि लांबच्या बांधावर जाऊन ओकलो. दम खाल्ल्यावर आबा म्हणाले, "म्हशी कवाच्या गेल्या, सायेब. ही बाईच हलंना. तुमचं दावं सोडाय आली व्हती."

संध्याकाळपर्यंत गळती बंद झाली. कुणी दगावलं नाही, हे नशीब. म्हशीही आपल्या आपण घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा पहिली पाळी. मी कंपनीच्या बसपर्यंत सोडायला गेलो. पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली, "भोंगा वाजला तर?"

"पाटसचा स्टँड," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. बस कुरकुंभच्या रस्त्याला लागली. माणूस कसा वागेल हे आधी कळावं, यासाठी मी इतकी वर्षं घालवली होती. त्या सकाळी एका माणसाचं मला पक्कं कळलं होतं, आणि आदल्या दिवशी घाबरलो नव्हतो इतका मी त्या रस्त्यावर उभा राहून घाबरलो.