पाठमोरं गिऱ्हाईक

अंबडच्या बाजारात आमचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, झुली, आणि मुख्य म्हणजे जनावराच्या गळ्यात बांधायच्या घंट्या. वडिलांपासूनची एक रीत आहे. घंटी घ्यायला आलेल्यानं आमच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून, डोळे मिटून उभं राहायचं. आम्ही मागून एकेक घंटी वाजवायची. जिच्यावर मान आपोआप वळेल, ती त्याची. जनावर झाडीत दिसेनासं झालं की शेवटी कानानंच शोधावं लागतं, असं वडील म्हणत. चकचकीत घंटीकडं बोट दाखवणाऱ्याला ते सरळ दंडाला धरून फिरवत. मीही तेच करत आलो. कुणी रागावून गेलं तर जाऊ दिलं. मी तापट आहे असं सगळे म्हणतात, आणि घंटीच्या बाबतीत तरी ते खरं आहे.

पण पाठ करून उभी राहणारी माणसंच कमी होत गेली. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरला कोण घंटी बांधतो? शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्याला आमची जागा हवी होती. पोळा झाला की देतो, असा मी त्याला शब्द देऊन टाकला. घरी सांगितलं तेव्हा बायको नुसती "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"चा अर्थ मला चांगला कळतो, म्हणून मी विषय वाढवला नाही.

आमची मुलगी पुण्याला कंप्युटरच्या नोकरीत आहे. तिच्या कानावर हे गेलं आणि तिनं हट्टानं दुकानाची वेबसाइट काढली. बायकोनं घंट्या चिंच लावून लख्ख घासल्या, मी त्या पांढऱ्या चादरीवर मांडून फोटो काढले. लोकांना बोलवायचं काम मी अंगावर घेतलं. लग्नपत्रिकेत असतो तसा मजकूर केला, 'सहकुटुंब सहपरिवार अगत्याने यावे', आणि भावकीच्या, सोयऱ्यांच्या, शाळासोबत्यांच्या झाडून सगळ्या ग्रुपवर लिंक टाकली. येणाऱ्यांचा आकडा दिसायचा, तो वाढताना बघून मला भलताच हुरूप आला. मग मुलीचा फोन आला.

"बाबा, ही सगळी आपलीच माणसं हायत. परतूरचे काका तं रोज सकाळी येऊन राह्यलेत."

"येऊ दे की. पाव्हण्याला नको म्हनू का?"

"पण घंटी कोण घेऊन राह्यलंय?"

कुणीच घेत नव्हतं. निमंत्रणाचा मान राखायला सगळे येऊन जात होते, एवढंच.

त्याच आठवड्यात एक म्हातारे शेतकरी गाईला घंटी घ्यायला आले. उंचेपुरे, डोक्याला पटका. वाकून आत आले आणि रीतीप्रमाणे वळून उभे राहिले. बायको बाहेर रस्त्यावर उभी होती, ते आत शिरतानाच तिनं मोबाईल सुरू केला होता. तिनं विचारलं, "मोबाईलवर घेऊन राह्यले, चालंल ना, दादा?"

"घे की, माय," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी वाजवत गेलो. मला त्यांची पाठ दिसत होती, तिला चेहरा. एका घंटीला त्यांची मान वळली. नंतर मोबाईलवर मी तो चेहरा पाहिला, हरवलेली गाय सापडल्यासारखा उजळलेला. इतकी वर्षं मी पाठी बघत आलो होतो. पुढच्या बाजूला हे असं काही घडत असेल याची मला कल्पना नव्हती.

मुलीनं त्याची रील करून सोशल मीडियावर टाकली आणि खाली दुकानाची लिंक दिली. बघता बघता अनोळखी माणसं वेबसाइटवर यायला लागली. पण मुलीचा आवाज उतरलेला.

"येऊन राह्यलेत, पण थांबंना गेलेत, बाबा. फोटो बघतेत अन् जातेत."

"जातील न्हाई तं काय!" मी भडकलो. "दुकानात आपण डोळे मिटायला लावतो, अन् तिथं फोटो दाखवून राह्यलो. काढ ते सगळे. बिलकुल एक ठिवू नको."

"असं कुणीच करत न्हाई, बाबा."

"मंग आपण करू."

आता वेबसाइट उघडली की आधी काळा पडदा दिसतो. 'डोळे मिटा' एवढीच ओळ असते. मग बोट टेकवलं की एकेक घंटी वाजते, आणि निवडल्याशिवाय ती दिसत नाही.

त्यानंतर जे झालं ते बघून मी थक्क झालो. माणसं थांबायला लागली. जहाजावरच्या एका माणसानं दाराला बांधायला घंटी मागवली. परदेशात, जिथं खिडकीबाहेर बर्फ असतो, तिथली एक बाई भांडी घासताना आमच्या घंट्या ऐकते म्हणे. एका अंध बाईनं आवाजातच निरोप पाठवला: "तुमच्या दुकानात मला कुणाला काही विचारावं लागलं नाही." अंबडच्या एका गाळ्यात मी घंटी हलवतो आणि कुठं कुठं माणसं डोळे मिटतात!

पण बरेच जण एकच गोष्ट विचारत होते: रीलमध्ये अगदी सुरुवातीला वाजते ती घंटी कोणती? ती इथं सापडत नाही.

मी दुकानातल्या सगळ्या वाजवून मुलीला फोनवर ऐकवल्या. एकही जुळेना. मला तर रीलच्या सुरुवातीला कुठली घंटी ऐकूच येत नव्हती, म्हणून मी चिडलोही.

"आवो, तिकडं तोंड करा जरा," बायको म्हणाली.

"मी?"

"मंग कोण? मिटा डोळे."

मी दाराबाहेर पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. मागं ती वाजली आणि माझी मान गर्रकन वळली. बायकोचा हात दाराच्या चौकटीवरच्या घंटीवर होता. ती वडिलांनी टांगलेली. वडील उंच होते. सकाळी ते आत शिरताना डोकं तिला लागायचं, आणि मी आत झाडू मारत असलो तर न बघता समजायचं की आले. त्या शेतकऱ्याचा पटकाही तिलाच लागला होता. मी बुटका, रोज तिच्याखालून जात होतो. मला ती ऐकू येईनाशी कधी झाली, तेही आठवेना. डोळे भरून आले आणि बायकोसमोर ते लपवावेसे वाटले नाहीत.

"पोळा झाल्यावर हीबी काढून ठिवायची ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "त्या कव्हरवाल्याला सांगतो, जागा देत न्हाई म्हनून."

"बरं," ती म्हणाली.

ती घंटी विकायची नाही. मुलीनं तिचा आवाज घेऊन वेबसाइटच्या दारात ठेवला आहे. आता कुणीही, कुठूनही आत आलं की ती वाजते, मग येणारा उंच असो नाहीतर माझ्यासारखा बुटका.